पोटखराबा

गट नंबर दोनशे अकरा.
डुबेऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता
आपला आपणच संपतो
आणि पुढे नुसता माळ.
सात-बारावर एकच शब्द : पोटखराबा.
म्हणजे इथे पेरून काही येत नाही.
आकारणी : शून्य रुपये, शून्य पैसे.

भाद्रपदातली सकाळ, साडेसात.
रोहिदासने तिवई रोवली, मी यंत्राला डोळा लावला
आणि कोपऱ्याच्या खुणेवर, नेमकी तिथेच,
मांडीएवढी उंच ती उभी.
वेलांच्या घराण्यातली, पण वेल नव्हे.
कुणाच्या खांद्यावर हात टाकून वर चढायचं
हिने कधीचंच सोडून दिलेलं.
मुरमात पाय घट्ट,
पानांना खालून रुपेरी लव,
आणि फुलं :
जांभळ्या शाईची दौत कलंडावी
आणि शाईने सांडायचंच विसरावं, तशी.

खाली उताराला द्राक्षांना तारा, अँगल, ठिबक,
घडांना वर्तमानपत्राच्या टोप्या.
हिला कुसळीचा शेजार.
तोही टोचणारा.

"तोडू का मॅडम?"
रोहिदासच्या हातात कोयता.
मेंढ्यांमागून भिवराबाई म्हणाली,
"तोडा की.
माझ्या सासऱ्यानं तोडली, वणव्यानं जाळली,
पवनचक्कीचं पातं घेऊन ट्रक आला
तो हिच्यावरनंच गेला.
खाली मूळ हाय माझ्या मनगटाएवढं.
तुमी वरचं तोडता."

नाव काय हिचं?

"मेंढ्या खात न्हाईत तिला,
मग नाव कशाला ठेवू?"
थोडं पुढे जाऊन थांबली, बहुतेक वाईट वाटलं असावं.
"आमी म्हणतो, ती सकाळची."

नियमाने कोपरा म्हणजे कोपरा.
सेंटीमीटरचासुद्धा जाब द्यावा लागतो.
मी दगड हातभर आत घ्यायला सांगितला.
रोहिदासने माझ्याकडे पाहिलं,
मग उगाच आभाळाकडे,
मग चुना टाकला.

अकराला तक्ता भरत बसले
तोवर फुलं मिटून गेलेली,
पिळून टाकलेल्या चिंध्यांसारखी.
नकाशात विहिरीला खूण आहे,
देवळाला आहे, विजेच्या खांबाला आहे.
झुडपाला नाही.
मी एक ठिपका दिला.
साहेब म्हणाले, हे काय?
म्हटलं, पेन्सिल टेकली असेल.

पुढे जमीन कंपनीला गेली.
फाल्गुनात दुसऱ्या कामाने तिकडून जाणं झालं :
तारेचं कुंपण माझ्या दगडाला धरून,
अगदी काटकोनात, आज्ञाधारक.
आणि कुंपणाबाहेर हातभर
चार करड्या काटक्या.
मोडून पाहिल्या नाहीत. हात पुढे झाला होता, खरं सांगते.

कागदावर ती अजून आत आहे.
जमिनीवर बाहेर.
माझ्या नोकरीतली एवढीच एक मोजणी
जिच्यावर सही करताना
मी पेन दोनदा झटकलं.

आता मी चांदवडला.
इथेही माळ, इथेही तोच रकाना, तोच शब्द.
लिहिताना हल्ली
पोट आणि खराबा यांच्यामध्ये
किंचित थांबते.

काल सकाळी रोहिदासचा फोन.
मागे मेंढ्यांचा आवाज, वारा, काही नीट ऐकू येईना.
"मॅडम, तुमची हातभर चूक
फुललीय.
यायचं तर अकराच्या आत या."