छाट

'इराबत्ती' हे आडनाव
रेल्वेच्या जर्सीवर मावलं नाही,
छापणाऱ्यानं शेवटचा 'त्ती' काखेत नेऊन दडवला.
फोनवरच्या अडत चाललेल्या चित्रात
मी आधी तेच पाहिलं, आणि हसले.
तोवर पद्मजाचे चार गुण झाले होते.

विडी घरकुलात आमची दारं समोरासमोर.
दोघींच्या आया मांडीवर सूप घेऊन,
मधे गटार, गटारावरून तेलुगूत गप्पा.
हजाराचा माल कारखान्यात न्यायचा.
तपासणारा मुठीनं उचलून बाजूला टाकायचा :
ही ढिली, ही जाड, हिचं तोंड फाटलंय.
त्याला छाट म्हणतात.
छाटेचे पैसे मिळत नाहीत,
विड्या मात्र त्याच्याकडेच राहतात.

आठवीत ती पाच फूट दहा झाली.
बापानं चौकटीच्या वरच्या लाकडाला
टॉवेलची घडी खिळ्यांनी ठोकली,
परदेशच्या ऑर्डरमधून परत आलेला निळा टॉवेल.
कपाळ फुटायचं थांबलं.
बायका विचारायच्या, हिला नवरा कुठून आणणार, का बे, ताडावरून?

गुर्रम सरांनी तिला रेशनच्या रांगेत हेरलं.
आई म्हणाली, संध्याकाळच्या पाचशे कोण वळणार, तुम्ही?
सर खरंच येऊन बसले. आठ दिवस.
त्यांची एकूणएक विडी छाटेत गेली.
आईला एवढं हसू आलं की तिनं पोरगी सोडली.
मला कुणी मागितलं नव्हतं.
मी तिची चप्पल धरायला गेले.

शाळेमागचं सिमेंट, मे महिना, पाय ठेववत नसे.
रिंगला जाळी नव्हती,
माझ्या भावानं मागावरचं तुटकं सूत गाठी मारून बांधलं.
मी पाच फूट एक.
सरांनी मला एकच शिकवलं : बघू नको, दे.
मी न बघता द्यायचे, ती तिथं असायची.

या खेळात पास देणाऱ्याचं नाव लागतं,
पण चेंडू आत गेला तरच.
माझी बरीच नावं तिच्या हातात होती.
बहुतेक तिनं लावली.

पुण्यात पहिल्या निवडीत ती छाटेत, दुसऱ्यात आत.
मी दोन्हीत छाटेत,
आणि सरळ सांगते, परतीच्या एसटीत
पहिल्या वेळी आम्ही जास्त खूश होतो.

मग सिकंदराबादला नोकरी, रेल्वेचा संघ,
एक मोसम थायलंडला, कंत्राटावर.
तिथून फोटो यायचे : हॉटेलातला भात, वर आमची शेंगाचटणी.
पैसे आले तसे आईला म्हणाली, आता वळू नको.
आई म्हणाली, हात रिकामे राहिले की दुखतात.

गुडघा नागपुरात गेला, तिसऱ्या डावात.
कुणी धक्कासुद्धा मारला नव्हता.
ती वर गेली, खाली आली, एवढंच.
पुढच्या वर्षी यादी लागली
तेव्हा रात्री साडेअकराला फोन :
"वसू, ढिली निघाले गं."
मी झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात काढला
आणि बराच वेळ काही बोलले नाही.

आता ती सोलापूर स्टेशनावर तिकीट खिडकीत.
खिडकीचं भोक तिच्या पोटाशी येतं, उभी राहिली तर.
नव्या घराचं दार तिनं साडेसात फुटी करून घेतलंय.
त्यातूनही ती वाकूनच येते.

परवा गड्ड्याहून येताना
शाळेच्या मागे गेलो, सहज.
जाळी कधीच गेलीय. पोरांचा एक चेंडू पडला होता.
मी न बघता दिला.
ती तिथं होती.
उडी मारली नाही, नुसता हात वर केला,
मनगट अजून तसंच मोडतं.

चेंडू रिंगवर दोनदा आपटला,
बाहेर आला, घरंगळत गेला
उभ्या रिक्षाच्या खाली.

दोघी कमरेवर हात ठेवून बघत राहिलो,
वाकायचं कुणी.