सर्वानुमते

इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते.
अकरा वर्षं सेक्रेटरी आहे मी,
धायरी फाट्यावरच्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचा.
दुसरं कुणी तयार होत नाही.

सभा गच्चीवर. वडे गार झालेले.
विषय क्रमांक चार: पार्किंगमधला नळ.
शेजारच्या साइटवरची माणसं त्यावर पाणी भरतात.
टँकर आपण विकत घेतो, एक म्हणाले. खरंच होतं.
कुठली आहेत कोण जाणे, दुसरे म्हणाले.
हेही खरं. कुणी विचारलंच नव्हतं.
तिसऱ्यांनी आवाज खाली आणला:
बंगाली बोलतात. पण कुठलं बंगाल?
आणि गच्चीवर एकदम हवा पडली.

एकवीस नंबरच्या खांबेटेबाई उभ्या राहिल्या,
गुडघ्यावर हात टेकून, वेळ घेऊन.
नळाला कुलूप लावायला माझा विरोध आहे, म्हणाल्या,
पोलिसांत अर्ज द्यायलाही.
हवं तर माझ्या दोन बादल्या कमी करा.
कुणीतरी हसलं.
काकू, भावनेवर सोसायटी चालत नाही.
त्या बसल्या नाहीत. हात वर धरून राहिल्या,
मोजला जाईपर्यंत.

कुणी मोजला नाही.
साडेआठला आटोपतं घेतलं. टोरंटोत सकाळ झाली होती,
निम्म्या घरांत मुलांचे फोन यायचे होते.
मी लिहिलं: ठराव सर्वानुमते मंजूर.
सवयीचा शब्द. हात आपला चालतो.

नंतर गेटशी मोफिजुल नावाचा गवंडी उभा,
मालद्याचा. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, मतदार कार्ड,
गावच्या शाळेचा दाखला,
घड्या घालून घालून चौकोनी तुकडे झालेला.
हवालदारानं ते पाहिले. मग सोसायटीकडे पाहिलं,
म्हणजे माझ्याकडे.
अर्ज तुमचाच ना?
मी फक्त सेक्रेटरी आहे, मी म्हणालो.

आठ दिवसांत चारही कुटुंबं गेली.
कुठे, ते ठेकेदारालाही नीट सांगता येईना.
भिंतीपाशी एक लहान निळी चप्पल राहिली होती,
तीही झाडूवाल्या मावशींनी उचलली.

मी उदगीरकडचा. एक्याऐंशीला आलो.
भवानी पेठेत खोली; नळ मालकिणीचा,
साडेपाच ते सहा, त्यानंतर मागायचं नाही.
मूळचे कुठले, हा प्रश्न इथे चहाच्या आधी येतो.
बँकेत मी 'येऊलालो' म्हणालो की
काउंटरच्या आतले आणि बाहेरचेही हसायचे.
वर्षभरात 'येतोय' म्हणायला लागलो.
आई पहिल्यांदा खोलीवर आली,
मला मालकिणीशी बोलताना ऐकलं तिनं,
आणि रात्री हळूच विचारलं,
हे कुणावानी बोलूलालास रे तू?

तेव्हा उत्तर दिलं नाही.
आता ती नाही.

काल वही उघडली.
'सर्वानुमते'वर आडवी रेघ मारली,
शेजारी सही, तारीख. नियम आहे तसा.
लिहिलं: बहुमताने. विरोधात एक, सदनिका एकवीस.
एकचे दोन करावेत असं वाटलं.
पेन तिथं बराच वेळ थांबलं, शाईचा ठिपका पडला.
पण त्या संध्याकाळी माझा हात वर नव्हता,
कागदावर होता.
खोटं एकदा लिहून झालंय या वहीत.

कुलपाची किल्ली माझ्याच खणात आहे,
रबर स्टँपच्या डबीशेजारी.

पुढची सभा रविवारी.
विषय क्रमांक एक नेहमीचाच:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मोठ्यानं वाचायचं असतं ते.
मीच वाचतो.