रानफेर

नाक्यावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेल्या तीन वाटा:
धबधबा, दोन तास, दोनशे रुपये.
माथा, सहा तास, दोन शिड्या, सहाशे.
आणि खाली, जागा संपल्यामुळे
तिरकं घसरत गेलेलं,
रानफेर, वेळ सांगता येत नाही, चारशे.

मी नाशिकरोडची. प्रेसमध्ये एकतीस वर्षं
नोटांचे तक्ते तपासले.
शाई फुटली का, आकडा सरकला का,
चूक शोधायचाच पगार होता.
म्हणून आधी दिसली ती
'शिडी'तली पहिली, दीर्घ काढलेली.
मग मी माथ्यावर बोट ठेवलं.

माथाच हवा होता मला.
निवृत्तीला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
घड्याळात सेल मी घातला.
तेव्हापासून कुठेतरी वर जायचं डोक्यात होतं.

सीबीएसजवळचा टूरवाला म्हणाला होता,
"मॅडम, टेन्शनच नाही,
आपल्या पोराला तिथला दगड न दगड ठाऊक.
तीस जणांची बॅच, वर गरम पोहे,
ड्रोनचा फोटो, सर्टिफिकेट."
मी फॉर्म भरणारच होते.
पेन चाललं नाही, एवढंच.

इथे, सुरगाण्याच्या पलीकडे,
जिवली भोये फळ्याखाली बसून
ताटात वरई निवडत होती.
तिनं माझे बूट मागितले, उलटे धरले.
"बाहेरून झिजलेत."
पाणी किती आणलं.
सकाळी काय खाल्लं.
घरी कुणाला सांगून आलात.
(याला मी उत्तर दिलं नाही.)
मग म्हणाली,
"यष्टीतून उतरताना बघितलं तुम्हाला.
डावा पाय चोरता.
चढवीन मी माथ्यावर. उतरवायचं कोणी?"

रानफेर घेतली.
रागातच घेतली.

पहिला अर्धा तास मी काहीच पाहिलं नाही,
फक्त तिच्या टाचा, आणि त्यांचं न थांबणं.
मग त्या थांबल्या.
वाळक्या कारवीत साळिंदराचा काटा पडला होता,
काळा-पांढरा, कुणी विणता विणता विसरल्यासारखा.
तिनं तो उचलला, दाखवला,
जिथे होता तिथेच ठेवला.
ऐनाच्या सालीवर हात टेकवून मी श्वास घेतला
तेव्हा ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"या झाडाला काय म्हणतात?"
"आमच्यात एक, फॉरेस्टवाल्यांत दुसरं.
तुम्हाला कुठलं पाहिजे?"
मी म्हटलं, दोन्ही.
दोन्ही विसरले.

ओहोळापाशी आलो. पाणी कमी,
दगडांच्या खालून बोलत जाणारं.
पलीकडेही तीच पानं, तेच ऊन,
वाट असावी असं वाटणारी तीच फट.
जिवली खाली बसली.
"इथवर मला ठाऊक हाये.
पुढं सासरा जायचा. मी नाही गेले."

एवढ्या वर्षांत माझ्यासमोर
असं कुणी म्हटलं नव्हतं.
साहेब नाही, डॉक्टर नाही,
देवळातले गुरुजी तर नाहीतच.
मीही नाही.

आम्ही तिथे भाकरी खाल्ली.
तिची तिखट, माझी डब्यातली थंड.
पलीकडे काहीतरी पानांवरून गेलं.
तिनं मान वर केली, मी तिच्याकडे पाहिलं,
ती म्हणाली, "नाही दिसलं."

परत नाक्यावर.
शंभराच्या चार नोटा अंगठ्यानं मोजल्या,
मग पुन्हा मोजल्या, मग सवयीनं
एकेक उजेडात धरली.
ती हसली, "खोटी निघाली तर?"
"तर माझ्याच हाताखालून गेली असेल."
तिनं न मोजता चौघडी घालून कनवटीला लावल्या.

एसटी साडेचारची. पाच वाजले.
गुडघा ठणकत होता, ठरल्याप्रमाणे.
माथा मागे तांबडा झाला असणार,
आम्ही दोघींनी वळून पाहिलं नाही.
ती पुन्हा वरई घेऊन बसली होती.
मी चष्मा पुसला,
ताटाची दुसरी कड माझ्याकडे ओढली
आणि पहिला खडा काढला.