केवायसीचा फॉर्म

कुडचडे शाखा, काउंटर दोन,
जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं.
काचेखालच्या फटीतून एक हात आत आला,
नखांवर अर्धवट सोललेलं जांभळं पॉलिश,
आणि फॉर्म न वाचताच मी ओळखलं.

नाव: लिबेराता फुर्तादो.
कॅसेटवर नुसतं 'लिब' होतं.
चंदेरी पँट, उघडे खांदे, मागे समुद्र.
समुद्र सावर्ड्याच्या स्टुडिओतला, पडद्यावर रंगवलेला,
माडांना नारळ उलटे लागलेले.
आमच्या घरी ती कॅसेट कधी घेतली नाही,
केप्याच्या बसमध्ये जाता-येता वाजायची,
फुकट पाठ झाली.

पत्ता: तोच, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
जिथं खनिजाचे ट्रक चालू होते तेव्हा
दोरीवरचा पांढरा कपडा
पांढरा म्हणून घरात परत येत नसे.
बाप बार्जवर, झुआरीत, सुकाणू धरायचा.
ही धक्क्यावर बसून
पट्ट्यावरून कोसळणाऱ्या मातीच्या ठोक्याला
टाच आपटायची.
हे तिनंच सांगितलेलं,
चर्चच्या हॉलमध्ये, आम्हा अकरा मुलींना,
पंखा बंद पडलेल्या मे महिन्यात.

मोजायची ती पाचापासून.
पाच, सहा, सात, आठ, आणि उडी.
मी विचारलं, टीचर, एक ते चार कुठं गेले?
ते घरून मोजून यायचं, बाये.

बाबा तेव्हा देवळाच्या उत्सवातल्या नाटकात
मिशी काढून राणी व्हायचे.
एकदा ती थेट आमच्या सोप्यावर आली,
म्हणाली, नऊवारी नेसून चालून दाखवा,
वळताना घोळ कुठल्या पायानं सावरता ते बघायचंय.
आई आतून बघत होती. बाबा सहा वेळा चालले,
सहाव्यांदा जरा जास्तच तोऱ्यात.
फेब्रुवारीत, मडगावच्या कार्निव्हालला,
चित्ररथावर वीस मुली घट्ट पँटीत
नसलेला घोळ सावरत वळल्या.
गर्दीत बाबांचा हात
शेंगदाण्यांच्या पुडीतच राहिला.

मग तीन वर्षं मस्कत. हॉटेल. रात्री चार-चार खेळ.
परत आली ती आवाज बसलेला घेऊन.
डॉक्टरनं कागदावर गाठ काढून दाखवली,
मुगाच्या दाण्याएवढी.
आवाज बसला, तशी ती दुसऱ्यांचे नाच बसवू लागली.
आमच्या मराठीत दोन्हीला एकच शब्द, मी सांगितलं,
तेव्हा खोकत खोकत हसली,
म्हणाली, तुमच्यात सगळं बसतंच काय गो?

पुढं दिल्लीकडच्या लग्नांतले मामे,
बाणावलीच्या हॉटेलांत, हिरवळीवर,
तीन दिवसांत चार ठेके शिकवून उभे करायचे.
मांडवीतल्या कॅसिनो-बोटीवर दीड वर्ष.
त्याबद्दल ती बोलत नाही, मीही विचारत नाही.
त्या पैशांतून एक गुडघा बदलला.
दुसरा पुढल्या वर्षी,
असं चार वर्षं चाललंय.

व्यवसाय: रिकामा.
खाली छापलेलं आहे नोकरी, धंदा, शेती,
गृहिणी, निवृत्त, इतर.
'निवृत्त'वर बोट ठेवलं तिनं,
मग चटका बसल्यासारखं उचललं.
तूच लिही गो काय ते.

मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला.
शेजारी नोटा मोजायचं यंत्र सुरू झालं,
फर्रर्र, थांबून, फर्रर्र,
आणि काचेपलीकडे तिचा डावा खांदा
अगदी थोडा, कुणाला दिसू नये इतका,
त्याच्या मागोमाग हलायला लागला.
खाली टाच काय करत होती
ते काउंटरमुळे मला दिसलं नाही.

मी 'इतर'वर खूण केली.
पुढं अर्ध्या इंचाची जागा.
त्यात काय लिहिलं ते सांगत नाही,
मुख्य शाखेतून फॉर्म अजून परत आलेला नाही.

सही तिनं नुसती 'लिब' अशी केली,
शेपटाला एक गिरकी देऊन.
संगणकातला नमुना होता पूर्ण नावाचा,
सरळ, शाळकरी, भीत भीत काढलेला.

जुळत नव्हती.
मी चालवून घेतली.