मुक्कामी

कॅलेंडरचा गेलेला महिना फाडून त्याच्या पाठीवर
पट्टी धरून मी चार रकाने आखलेत:
ओझर. दिल्ली. अदिस अबाबा. लुसाका.
जेलरोडच्या स्वयंपाकघरात दोडक्याच्या शिरा काढता काढता
इंदुमती विचारते,
"आणि झोपायचं कुठं?"

अकरा तास दहा मिनिटं.
तिसऱ्या रकान्यात तेवढंच लिहिलंय.
ऋजुता फोनवर म्हणाली, "मामा, तो लेओव्हर."
भाचीचा शब्द मी तोंडात घोळवून पाहिला.
थांबा म्हणावं, तर थांब्यावर माणूस उभा असतो.
विसावा म्हणावं, तर आधी दमायला हवं,
विमानात तर नुसतं बसायचंय.

दिल्लीची अडचण निराळी.
ओझरचं तिकीट वेगळं, पुढचं वेगळं,
म्हणजे बॅग आपल्या पायांनी पुढं जाणार नाही.
पट्ट्यावरून उचला, दुसऱ्या टर्मिनलला न्या,
पुन्हा रांग, पुन्हा वजन.
त्यात जानेवारी. धुकं पडलं तर?
मी हाताशी सहा तास ठेवलेत.
"सहा तासांत मनमाडला लग्न लावून,
जेवून परत येऊ आपण," ती म्हणते.
खरं आहे. पण मनमाडला धुकं
आपल्या ओळखीचं असतं.

पासपोर्ट टेबलावर, तेलाच्या बरणीपासून लांब.
माझा पहिलाच, एकसष्टाव्या वर्षी.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये मी कोरे पासपोर्ट तपासले.
कडा, पानांचे आकडे, शिवण,
दोरा केसभर सरकलेला दिसला की बाजूला.
नाव कुणाचंच दिसलं नाही कधी.
नाव नंतर पडायचं, दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातानं,
आणि मग ते कुठं कुठं जायचं
ते आम्ही डब्याच्या सुट्टीत नुसतं बोलायचो.
परवा पोस्टमननं पाकीट दिलं
तर फोटो राहिला बाजूला,
मी उजेडात धरून आधी शिवण पाहिली.
ठीक होती.

"एका रात्रीचा व्हिसा काढू," इंदुमती म्हणते,
"बाहेर पडू, गाव बघू."
मी म्हणतो, गेटपाशीच बसू.
खुर्च्यांना मधे हात नसले तर आडवंही होता येतं.
बाहेर गेलो नि परत आत घेतलं नाही तर?
शिक्का मलाही हवाय, हे मी बोलत नाही.
ती फोनवर वाचून दाखवते:
तिथं म्हणे उजाडल्यावर तासाभरानं
एक वाजतो.
"बरोबरच आहे त्यांचं," म्हणते.
मी, ज्याचा जन्म भोंग्यावर उठण्यात गेला,
हातातल्या घड्याळाकडं उगाच बघतो.

अण्णा एसटीत कंडक्टर होते.
पेठच्या पुढं, डांबर संपतं तिथं, त्यांची मुक्कामी गाडी.
रात्री साडेनऊला पोचायची.
शाळेच्या ओट्यावर पथारी, तिकिटांची पेटी उशाला,
ड्रायव्हर गाडीतच, मागच्या लांब सीटवर.
पहाटे पावणेसहाला तीच गाडी उलटी निघायची,
टोपल्या, दुधाचे कॅन, तालुक्याला निघालेली एखादी बाळंतीण.
अशी चार वर्षं.
मी विचारलं होतं, गाव कसं होतं हो?
अण्णांनी बराच वेळ आठवून पाहिलं.
म्हणाले, "काळोखात गेलो, काळोखात आलो.
एक कोंबडा तेवढा ओळखीचा झाला होता."

हे मी इंदुमतीला आज पहिल्यांदाच सांगितलं,
छत्तीस वर्षांच्या संसारात.
ती दोडका तसाच ठेवून उठली,
पदराला हात पुसले, माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
आणि तिसऱ्या रकान्यात, माझ्या आकड्यांच्या खाली, लिहिलं:
शाल. दशम्या. व्हिसा दोन.
मग जरा थांबून, अगदी कडेला, बारीक अक्षरात:
कोंबडा.