मुडपलेला काठ

बिस्बीत पायऱ्या फार. तांब्याची खाण बंद होऊन
वर्षं लोटली, पायऱ्या उरल्या.
एकशे ऐंशी मोजून ऑर्टेन्सिया थांबते,
गुडघा धरते, मग बोट दाखवते:
खडकाच्या भेगेत, उत्तरेच्या अंगाला,
चुरगाळलेली तपकिरी मूठ.

मला वाटलं, गेलं हे.
आमच्याकडे नेचा म्हणजे ओला, हिरवा,
विहिरीच्या आतल्या दगडांवर लोंबणारा.
हा कसला नेचा? चहाच्या चोथ्यासारखा.

चाळीस वर्षं तिनं खाणवाल्यांच्या पँटी आखूड केल्या.
पान ती नखानं उलटं करते.
खाली पांढरी पूड, पोळपाटावर उरते तशी,
आणि कडेला, बघ म्हणते, काठ मुडपलाय.
आत बीजाणू, काजळीसारखे, ओळीनं.
टाका कुठे दिसत नाही.
"हे मला जमलं नाही कधी."

मी बाटलीचं झाकण उघडते.
ती माझं मनगट धरते. नको.
तुझ्या घोटभर पाण्यानं उगाच जागा होईल,
आणि उद्या ऊन आहेच.

जुलैत ढग येतात इथे, दुपारी तीनला,
मेक्सिकोकडून.
तोवर राहू दे त्याला.

झाकण लावलं. उतरताना मोजत होते,
एकशे बारावर चुकले.
वर ती अजून तिथंच वाकलेली,
त्या मुठीवरची धूळ फुंकत,
स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटत,
माप द्यायला आलेल्या पोराला सांगावं तसं:
सरळ उभा राहा. हलू नकोस.