डावा काठ

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला लावली
आणि पेनाच्या टोपणाने गाव दाखवावं तसं दाखवलं:
बोलणं इथे, डाव्या कानाच्या वर. ते शाबूत आहे.
हात हलवणारी पट्टी ही, टाळूवरून आडवी उतरते,
जिभेला, अंगठ्याला तिच्यात केवढी जमीन,
पाठीला मात्र जेमतेम बांधाएवढी.
बघणं पार मागे, डोकं उशीला टेकतं तिथे.
आणि हा काळा डाग, उजवीकडे, वरच्या अंगाला…
इथे त्या थांबल्या.
"इथे डावीकडचं जग राहतं."

म्हटलं, राहत होतं.

एकतीस वर्षं टोर्लाइफने फेरीबोट हाकली,
या काठावरून त्या काठाला, दिवसाला चौदा खेपा,
धुक्यात, बर्फात,
एकदा तर सर्कशीचे दोन उंट घेऊन.
आता ताटातला मासा उजवीकडचा तेवढा खातो
आणि डाफरतो, एवढंसंच का वाढता?
मी ताट फिरवते.
"हं, आता कसं," म्हणतो, आणि उरलेला खातो.

दाढी अर्धी. चष्मा एकाच कानावर.
फूल काढायला सांगितलं तर सगळ्या पाकळ्या एकीकडे,
दुसरीकडच्या वाऱ्याने नेल्यासारख्या.
डोळे चांगले आहेत हो, बाई सांगतात.
नजर पोचते, पण तिथे
दार उघडायला कुणी नाही.

पहिल्या आठवड्यात मी त्याच्या डावीकडे बसले होते,
त्याचा हात माझ्या हातात,
आणि तो नर्सला विचारत होता,
"गुन्वोर आली नाही का अजून? बोट चुकली असेल तिची."
उठले. पलंगाला वळसा घातला.
उजवीकडे पोचले तसा उजळला,
"आलीस? किती वेळ!"
चाळीस वर्षांच्या संसारात
इतक्या लांबून मी कधी आले नव्हते.

खरं सांगू? मुलींनासुद्धा बोलले नाही.
ती डावी खुर्ची मला आवडायला लागली.
तिथे मी विजेचं बिल बघते, पाय पसरते,
तिथे मला रडता येतं,
काय झालं म्हणून त्याने न विचारता.
एका माणसाच्या डोक्यात तळहाताएवढं रान जळालं
आणि मला सावली सापडली.
मग डोळे पुसायचे, पुन्हा वळसा.
"आले हं."

परवा रात्री त्याच्या उजव्या हाताला
पांघरुणात डावा लागला.
"कुणीतरी हात विसरून गेलंय," म्हणाला,
"विचार ना बाहेर, शोधत असतील."
मी हसले.
व्हरांड्यात जाऊन कॉफीच्या मशीनला टेकून उभी राहिले, बराच वेळ.

व्यायामाला येतो तो एरलेंड, पोरगेलासा,
पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवतो.
लाल दिसेपर्यंत मान वळवा, मगच ओळ सुरू.
टोर्लाइफ वैतागतो. ओळ मध्येच धरतो,
अर्थ लागत नाही म्हणून छापणाऱ्याला शिव्या देतो.

लाल.
रात्री विणायला बसले तेव्हा डोक्यात आलं:
बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्याला हिरवा,
हे याला झोपेत उठवून विचारावं.

सकाळी त्याच्या डाव्या हातात लाल मोजा घातला.
उजवीकडे उभी राहिले. म्हटलं,
"टोर्लाइफ, लाल दिवा दिसत नाहीये. बघ कुठे गेला."
कपाळाला आठी पडली, जुनी, पहाटपाळीची.
मान निघाली,
खिडकीवरून, पलीकडच्या डोंगरांवरून,
पलंगाच्या पायथ्याशी येऊन अडली.
"धुकं आहे."
"असू दे. सावकाश घे."

पुन्हा निघाली. गाडी भरलेल्या बोटीसारखी, कुरकुरत.
पोचली.

"हा कुणाचा?"
"तुझा."
बघत राहिला त्याच्याकडे,
चुकीच्या धक्क्यावर उतरलेल्या उतारूकडे बघावं तसा.
मग म्हणाला,
"माझा, तर असा बाहेर का?
आत घे त्याला. गारठलाय."